बाटली फोडायला पाच पोरं

संशय घेणं हा माझा स्वभाव नसून व्यवसाय आहे, हे मी भार्गवीला लग्नाआधीच सांगितलं होतं. कुपवाडच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला आहे. समोर आलेला पंपाचा भाग चांगलाच असेल असं मानायचं नाही, तो मोजायचा. मापात बसला तर पुढं पाठवायचा, नाही बसला तर लाल खडूनं फुली मारून परत करायचा. दिवसभर हे काम करून माणूस संध्याकाळी घरी येतो तो तसाच येतो. आमटीचा पहिला घास घेण्याआधी मी तिचा वास घेतो, याबद्दल भार्गवीनं वाईला माझ्या सासऱ्यांकडं तक्रारही केलेली आहे.

तर आमच्या निमिषला गोवराची लस द्यायची होती. ही लस मुलाला नववा महिना पुरा झाला की देतात. मी फक्त एवढंच विचारलं, की हिच्यानं काय काय होऊ शकतं. माझी चौकशी पूर्ण होत आली तेव्हा निमिष सव्वा वर्षाचा झाला होता आणि घरभर पळत होता.

"अहो, ट्रिपलच्या लशीच्या वेळीही तुम्ही असंच केलंत," भार्गवी म्हणाली. "एक दिवस ताप आला आणि गेला."

"गेला म्हणून कळलं की जाणार होता," मी म्हणालो. "आधी कुठं माहीत होतं?"

ती निमिषला उचलून आत गेली.

दिवसही तसेच होते. सुरतेच्या प्लेगच्या बातम्या नुकत्याच थांबल्या होत्या आणि बसमध्ये कुणी शिंकलं तर शेजारचा माणूस उभ्यानं प्रवास करायला तयार असायचा. अशा दिवसांत बापानं चौकशी करायची नाही तर कुणी करायची? मी ती पद्धतशीर करायचं ठरवलं आणि सुरुवात समोरच्या लालासाहेबांपासून केली. लालासाहेब म्हणजे फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले गृहस्थ. मूळचे सातारा जिल्ह्यातले, आता मुलाकडं असतात आणि सूरज नावाच्या नातवाला सकाळ-संध्याकाळ फिरवतात.

"आवं, त्यात इचारायचं काय?" लालासाहेब म्हणाले. "फौजेत आमाला लाइनीत हुबं करायचे. ह्या दंडात एक, त्या दंडात एक. टोचलं की फौरन परेड."

"कुणाला काही झालं नाही?"

"काय बी न्हाई. एक जवान पडला हुता, पर त्यो तसा कायमच पडायचा."

एवढ्यावर सोडून देणारा माणूस इन्स्पेक्शनला टिकत नाही. पडला म्हणजे कसा पडला, शुद्धीवर किती वेळानं आला, पुढं त्याचं बोलणं-चालणं पहिल्यासारखं राहिलं का, असं मी खोदून खोदून विचारलं. लालासाहेब विचारात पडले.

"आता तुमी इचारतायसा म्हणून ध्यानात येतंय," ते म्हणाले. "त्यो नंतर जरा कमीच बोलायचा."

मग त्यांनी कडेवरच्या सूरजकडं एकदा नीट बघितलं. सूरजचीही लस राहिलेली होती आणि त्या संध्याकाळनंतर ती आणखी राहिली, हे मला बरंच उशिरा कळलं.

दुसरी चौकशी फोनवरून झाली. आमच्याकडं फोन नव्हता, पण शेजारच्या शकुंतलाकाकूंचा नंबर आम्ही सगळ्या नातेवाइकांना पीपी म्हणून देऊन ठेवला होता. फोन त्यांच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी असे. आमचा फोन आला की टीव्हीचा आवाज बंद व्हायचा आणि घरातली सगळी मंडळी टीव्ही सोडून आमच्याकडं बघत बसायची. त्यात माझे सासरे विष्णुपंत यांना कमी ऐकू येतं. त्यामुळं त्यांच्याशी बोलणं म्हणजे खोलीतल्या लोकांसमोर भाषण करण्यासारखंच होतं.

"अण्णा," मी ओरडलो, "समजा, लशीनं ताप डोक्यात गेला तर?"

अण्णा म्हणाले की अमावास्या तेवढी टाळा. मग म्हणाले, "जावईबापू, वाईत आमच्या शेजारच्या पोराला टोचलं, तर घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं."

"काय झालं त्याला?"

"त्याला काही नाही झालं. पण घोर केवढा लागला सगळ्यांना."

"आणि समजा, पोरगं हाक मारल्यावर बघेनासंच झालं तर?" मी आणखी मोठ्यानं ओरडलो. "समजा, उठून चालायला लागलं आणि पाय लटपटले तर?"

काकू समोर शेंगा सोलत बसल्या होत्या. अण्णा काय म्हणतात ते त्यांना ऐकू येत नव्हतं, मी काय म्हणतो ते मात्र गल्लीलाही ऐकू जात होतं. काकूंच्या कानांत काही दोष नाही. त्यांनी माझं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं ऐकलं आणि त्यातलं 'समजा' तेवढं घरी ठेवून बाकीचं कॉलनीत नेलं. मला याची गंधवार्ता नव्हती, कारण मी तिसऱ्या चौकशीच्या तयारीत होतो.

तिसरी चौकशी म्हणजे डॉक्टर सबनीस. यांचा बालरुग्णांचा दवाखाना आमच्या घरापासून जवळ आहे आणि माणूस शांत आहे, निदान तेव्हा होता. लशीनं आठवड्याभरानं थोडा ताप येतो, कधी अंगावर थोडं पुरळ येतं, ते आपोआप जातं, असं त्यांनी मला तीन वेगवेगळ्या भेटींत तीनदा समजावून सांगितलं. चौथ्या भेटीत मी विचारलं, लस थंड ठेवावी लागते ना, मग तुमचा फ्रिज खरोखर किती थंड असतो?

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हीच बघून घ्या," ते म्हणाले. हे ते रागानं म्हणाले असं भार्गवीचं मत आहे. मला ते निमंत्रण वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कारखान्यातला तापमापक घेऊन गेलो. फ्रिजचं दार उघडून थंडी मोजण्यात अर्थ नसतो, कारण दार उघडताच थंडी बाहेर येते. म्हणून मी तापमापकाला दोरी बांधली, तो लशींच्या डब्यामागं सोडला, दोरीचं टोक दाराबाहेर ठेवलं आणि दार लावलं. सकाळी येऊन दोरी ओढायची आणि आकडा वाचायचा, अशी ती योजना होती. योजना चांगली होती. कारखान्यात ती मी भट्टीसाठी वापरलेली आहे. फक्त दोरी जरा जाड होती.

दोरीमुळं फ्रिजचं दार करंगळीएवढं उघडं राहिलं. सकाळी मी दोरी ओढली आणि आकडा वाचला. तो दवाखान्यातल्या बाकीच्या हवेइतकाच होता. मी डॉक्टरांना विजयानं म्हणालो, "बघा, माझा संशय खरा ठरला."

डॉक्टरांनी फ्रिजमधली सगळी लस एका बादलीत टाकली. नवी पुण्याहून यायला वेळ लागेल, असं ते म्हणाले. मग आवाज न चढवता म्हणाले, "आणि आली तरी तुम्ही येऊ नका."

एखाद्याची बाजू समजून न घेता त्याला बाहेरचा रस्ता दाखवण्याची ही पद्धत मला आवडली नाही. मी घरी येऊन तसं म्हणालो. भार्गवी निमिषला भरवत होती. ती म्हणाली, "मागच्या गल्लीत पोस्टमास्तरांच्या मुलीला गोवर आलाय."

त्या घराच्या दाराला कडुलिंबाची डहाळी लागली. गोवर म्हणजे घरात देवीबाई आल्या, असं मानून त्यांनी फोडणी बंद केली. एरवी संध्याकाळी मी लुनावरून परत येताना त्या वळणावर लसणीचा खमंग वास यायचा, तो बंद झाला. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. मग एक दिवस कळलं की पोरीच्या छातीत कफ भरला, श्वास लागला आणि तिला मिरजेला दवाखान्यात नेलं. ती निमिषपेक्षा थोडीच मोठी होती. गोवर यायच्या आदल्या आठवड्यात तिनं आमच्या फाटकाशी उभं राहून निमिषला चुरमुरे भरवले होते.

मी घाबरलो. विनोदानं सांगत नाही, खरंच घाबरलो. लस दिल्यानं काय होतं याची चौकशी मी कोपरा न् कोपरा झाडून केली होती. लस न दिल्यानं काय होतं, ही चौकशी तेवढी राहून गेली होती.

दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकून नगरपालिकेच्या दवाखान्यात गेलो. तिथं मंगल सिस्टर होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कॉलनी कुठली?"

मी नाव सांगितलं.

"ती आमच्या हद्दीत नाही."

"अहो, नळाला पाणी नगरपालिकेचं येतं."

"आणि रस्त्यावरचे दिवे?"

दिवे ग्रामपंचायतीचे होते. आमची कॉलनी बरोबर हद्दीवर आहे आणि हे दु:ख फार जुनं आहे. सिस्टर म्हणाल्या, मग लसही ग्रामपंचायतीकडं घ्या. मी तिकडं गेलो. तिथल्या गृहस्थांनी विचारलं, पाणी कुणाचं पिता? मी परत आलो.

"सिस्टर," मी म्हणालो, "मूल पाणी पितं, दिवे पीत नाही."

हे त्यांना पटलं असावं, कारण त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. मग त्यांनी बर्फाच्या डब्यातून एक छोटी काचेची बाटली काढून दाखवली. तळाशी चिमूटभर पूड होती.

"हिच्यात पाणी मिसळलं की पाच पोरांची लस होते," त्या म्हणाल्या. "एकदा मिसळली की दुपारपर्यंत संपवायची, नाही तर फेकायची. एका पोरासाठी मी बाटली फोडत नाही. बुधवारी पाच आणा, फोडते."

"आणि चारच आली तर?"

"तर पुढच्या बुधवारी पाच आणा."

मला हे अगदीच किरकोळ वाटलं. आमच्या कॉलनीत आणखी काही कमी असेल, पोरं कमी नाहीत. काकूंची नात ऋचा निमिषच्याच वयाची. समोरचा सूरज. आणखी दोन कुठंही मिळाली असती. संध्याकाळी भार्गवी, मी आणि निमिष असे तिघं मोठ्या उत्साहानं काकूंकडं गेलो.

काकूंनी दार उघडलं, निमिषकडं बघितलं आणि जिभेनं च्च केलं.

"कसा आहे गं आता?" त्यांनी भार्गवीला हळू आवाजात विचारलं.

"कसा म्हणजे?"

"अगं, आमच्यापासून कशाला लपवतेस? लशीनं ताप डोक्यात गेला ना त्याच्या. हाक मारली तरी बघत नाही म्हणे. मी काही बाहेरून नाही ऐकलं, अवधूत स्वत:च आपल्या सासऱ्यांना सांगत होता. ह्या इथं उभं राहून, बिचारा ओरडून ओरडून."

"काकू," मी म्हणालो, "निमिषला अजून लस दिलेलीच नाही."

"हो रे बाबा," काकू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या. "तुला असंच म्हणावं लागणार."

भार्गवीनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी इथं वर्णन करत नाही. मुद्दा असा होता की निमिषचं डोकं ठिकाणावर आहे हे आता सिद्ध करून दाखवायला हवं होतं. ते अवघड नव्हतं. घरी निमिष नाक दाखवतो, कान दाखवतो, मोरासारखा नाचतो आणि पाहुणा उठायच्या आधीच त्याला टाटा करतो.

"निमिष, काकूंना नाक दाखव," मी म्हणालो.

निमिष छताच्या पंख्याकडं बघत राहिला.

"नाक कुठंय? नाक? बरं, कान दाखव. बरं, टाटा कर."

निमिष खाली बसला. भार्गवीनं मागून हाक मारली, "निमू." तो वळला नाही. बंद टीव्हीच्या काचेत त्याला दुसरा एक निमिष दिसत होता आणि दोघं एकमेकांकडं टक लावून बघत होते. मी टाळ्या वाजवल्या, चुटक्या वाजवल्या, शेवटी स्वत: मोर झालो. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"राहू दे रे अवधूत," त्या म्हणाल्या. "आहे तसा आपलाच आहे तो."

तेवढ्यात त्यांच्या सुनेनं बिस्किटांची बशी आणून ठेवली. निमिष उठला. त्यानं एका हातात एक बिस्कीट घेतलं, दुसऱ्या हातात एक घेतलं. मग त्याला बशीत आणखी एक दिसलं. तो क्षणभर थांबला. त्यानं उजव्या हातातलं बिस्कीट तोंडात कोंबलं, हात मोकळा केला, तिसरं उचललं आणि ऋचाच्या हातातलं चौथं कसं मिळेल याचा अंदाज घेऊ लागला.

काकूंनी डोळे पुसले. "डोकं शाबूत दिसतंय," त्या म्हणाल्या.

"मग बुधवारी मी ऋचाला नेते," सून घाईघाईनं म्हणाली. तिची सहा महिन्यांपासून हीच इच्छा होती.

"ने. पण आधी ह्याला टोचू दे," काकू म्हणाल्या. "त्याला काही झालं नाही, तर मग आपलीला."

लालासाहेबही तयार झाले. "इन्स्पेक्शनवाल्यांनी ओके केलं म्हंजी झालं," ते म्हणाले. "पर आधी तुमचं."

तीन झाली. बाकीच्या घरांतल्या पोरांना एक तर केव्हाच लस दिलेली होती, नाही तर त्यांच्या आया निमिषला बघून दार अर्धंच उघडत होत्या. बुधवार जवळ आला. मिरजेहून पोस्टमास्तरांच्या मुलीची बातमी रोज वेगळी यायची, एक दिवस बरी आणि एक दिवस नाही. निमिषनं रात्री एकदा खोकलं तरी मी उठून बसायचो.

आमच्या कॉलनीच्या पलीकडं मोकळे प्लॉट आहेत. दिवाळीनंतर जत भागातली धनगर मंडळी मेंढरं घेऊन तिथं उतरतात. त्या वर्षी हरणाबाई नावाच्या आजी आपल्या कुटुंबासह उतरल्या होत्या आणि त्यांच्या पालासमोर दोन लहान नाती खेळताना मी लुनावरून बघितल्या होत्या. मी गाडी थांबवली.

"साहेब," मी तोंड उघडायच्या आतच हरणाबाई म्हणाल्या, "ताप डोक्यात गेलेल्या पोराचं बाप त्ये तुमीच न्हवं?"

कॉलनीत ग्रामपंचायतीचा दिवा लागायला महिना लागतो, पण ही बातमी पालापर्यंत पोचली होती. मी सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. मागच्या गल्लीतल्या मुलीचं सांगितलं. ते ऐकून त्या गंभीर झाल्या.

"टोचायचं आमाला नवं न्हाई," त्या म्हणाल्या. "मेंढरास्नी डागदर टोचतो तवा आमीच धरून हुबं ऱ्हातो. पर मेंढराला काय हुतंय त्ये मेंढरू सांगतंय व्हय?"

"म्हणजे काही होतं का?" मी पटकन विचारलं. सवय इतकी सहज जात नाही.

"मला काय ठावं? म्हणून तर म्हंते, आधी तुमच्या पोराला टोचा. मांडीवर घिऊन तुमी बसायचं. आमी बघणार. समदं बरं असलं तर मग आमच्या पोरी."

बुधवारी सकाळी आम्ही सगळे भाड्यानं माणसं भरून नेणाऱ्या एका वडाप जीपमध्ये बसून निघालो. पाच पोरं, पाच बायका, लालासाहेब आणि मी. मी पुढं बसलो होतो आणि मला मोहिमेवर निघालेल्या सरदारासारखं वाटत होतं. दवाखान्यात सिस्टरनी पोरं मोजली आणि बर्फाचा डबा पुढं ओढला. मी निमिषला मांडीवर घेऊन बाकावर बसलो. बाकीचे अर्धगोलात उभे राहिले. सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडं होते, म्हणून मी हसत होतो.

स्टोव्हवर एका भांड्यात सुया उकळत होत्या. सिस्टरनी चिमट्यानं एक सुई बाहेर काढली. तिच्यातून वाफ निघत होती. टोकावरून पाण्याचा एक थेंब खाली पडला. सुई खिडकीतल्या उन्हात चमकली.

मला एवढंच आठवतं.

शुद्धीवर आलो तेव्हा मी बाकावर आडवा होतो आणि निमिष भार्गवीच्या कडेवर होता. मी डोळे उघडले नाहीत. आजूबाजूला जे चाललं होतं ते डोळे मिटून ऐकणंच बरं होतं.

"आवं, बाप नुसत्या वाफंनं पडला," हरणाबाईंची सून म्हणत होती. "मग आत जाईल त्या औषदाचं काय?"

"मी म्हटलंच होतं," हा काकूंचा आवाज. "चल गं, ऋचाला घे."

"फौजेतला त्यो जवान बी असाच पडला हुता," लालासाहेब म्हणाले. "अगदी ह्याच साइडला."

चपलांचे आवाज दाराकडं निघाले. सिस्टरनी बाटली परत डब्यात ठेवल्याचा आवाज आला. "एकासाठी मी फोडणार नाही," त्या म्हणाल्या. "आधीच सांगते."

मी मनात वाक्य तयार केलं होतं. सकाळपासून पोटात काही नसल्यानं चक्कर आली, असं ते वाक्य होतं. मी दोनदा पोहे खाऊन निघालो होतो हे फक्त भार्गवीला माहीत होतं आणि बायको म्हणून ती गप्प बसेल असा मला विश्वास होता.

"थांबा सगळे," भार्गवी म्हणाली. "बाटली अजून उघडलेलीसुद्धा नाही. ह्यांना औषधानं काही झालेलं नाही. हे सुईला घाबरतात."

दाराकडं जाणाऱ्या चपला थांबल्या.

"निमिषचे कान टोचायला सोनार घरात आला, तेव्हा हे घरातून गेले. मी शोधलं तर गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं बसले होते. माझ्या पायात काटा गेला तर मी काकूंकडं जाऊन काढून घेते. काकू, घेते की नाही? मी स्वेटर विणायला बसले की हे आतल्या खोलीत जातात. इतके महिने लस, लस करून गावभर विचारत फिरताहेत ते पोराच्या काळजीनं, हे खरं आहे. पण निम्मी काळजी स्वत:च्याच पोटातली आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. तो आवाज सिस्टरचा होता असा माझा संशय आहे. मग एक सावली माझ्या तोंडावर पडली.

"साहेब," हरणाबाई म्हणाल्या, "जागं हाय ह्ये कळतंय मला. ह्या बाई म्हंत्यात त्ये खरं हाय का? सुईला भ्यालासा?"

कारखान्यात माझ्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नाही. कॉलनीच्या गणपतीत आरतीचं ताट पहिलं माझ्याकडं येतं. 'पोटात काही नव्हतं' हे वाक्य अगदी ओठांवर होतं आणि ते चांगलं वाक्य होतं. तेवढ्यात निमिषनं भार्गवीच्या कडेवरून वाकून माझं नाक पकडलं. काकूंसमोर त्याला जे सापडलं नव्हतं ते त्याला आता सापडलं. हा मिरजेच्या दवाखान्यात पडलेला मला बघवणार नाही, एवढं एकच त्या क्षणी मनात आलं.

"हो," मी डोळे न उघडता म्हणालो.

"आन् ताप डोक्यात जातो, पाय लटपटत्यात, त्ये समदं?"

"ते मी भीतीनं विचारत होतो. झालेलं कुणालाच काही नाही."

हरणाबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी माझ्या पायाशी बाकावर बसकण मारली आणि दोन्ही नाती ओढून मांडीवर घेतल्या. "मग फोडा की वो बाटली," त्या सिस्टरना म्हणाल्या. "मानूस भित्रं हाय, औषद बरं हाय."

ठरल्याप्रमाणं आधी निमिषला टोचलं. त्याला मीच धरलं. सिस्टर म्हणाल्या, "घट्ट धरा आणि माझ्याकडं बघू नका." मी भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाकडं बघत राहिलो. निमिष एकदा मोठ्यानं रडला, मी त्याहून जरा हळू ओरडलो आणि काम झालं. मग ऋचा, मग सूरज, मग दोन्ही पोरी. बाटली रिकामी झाली.

आठवड्यानं निमिषला थोडा ताप आला आणि मानेवर चार पुटकुळ्या उठल्या. दोन दिवसांत दोन्ही गेलं. पोस्टमास्तरांची मुलगी मिरजेहून घरी आली, फार वाळली होती, पण आली. त्या वळणावर पुन्हा लसणीचा वास यायला लागला. पहिल्या दिवशी मी तिथं लुना उभी करून थोडा वेळ नुसताच थांबलो.

माझी अब्रू मात्र परत आली नाही. कॉलनीत मला बघून बायका हातातली विणकामाची सुई पदराखाली लपवायला लागल्या, त्यातल्या काही खरोखर काळजीनं. आणि एका रविवारी मंगल सिस्टर स्वत: घरी आल्या. त्यांची मामेबहीण पलूसकडं एका गावात नर्स होती. तिच्याकडं लोक पोरांना घेऊन यायचे, पण सुई बघून परत जायचे.

"तुम्ही नुसतं बाकावर येऊन बसायचं," सिस्टर म्हणाल्या. "आम्ही कितीही सांगितलं तरी लोकांना पटत नाही. पण तुमच्यासारख्या माणसानं पोराला टोचून घेतलं म्हटल्यावर कोण मागं राहील?"

"सिस्टर, मी एका मोठ्या कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे," मी म्हणालो.

"जातील ते," भार्गवी आतून म्हणाली. "शनिवारी त्यांना अर्धी सुट्टी असते."

मी गेलो. शाळेच्या व्हरांड्यात पोरं घेऊन बायका बसल्या होत्या. नर्सबाईंनी माझी ओळख करून दिली. हे सांगलीचे साहेब, सुई नुसती बघितली तरी पडतात, आणि ह्यांनीसुद्धा आपल्या पोराला लस दिली. सगळ्या बायका माझ्याकडं कौतुकानं बघायला लागल्या. मग नर्सबाईंनी चिमट्यानं सुई उचलली. वाफ आली. थेंब पडला. सुई चमकली. मी वाट बघत बसलो.

काहीच होईना. डोळ्यांपुढं अंधारी येईना, कानांत शिट्टी वाजेना. निमिषला टोचताना मी धरून बसलो होतो त्या दिवशीच माझी भीती गेली होती आणि हे मला नेमकं तिथं, इतक्या लोकांसमोर कळलं.

"ह्यो तर धडधाकट हाय की," मागची एक बाई म्हणाली. "कायतरी सांगत्यात झालं." आणि ती पोराला उचलून उठायला लागली. तिच्या शेजारचीही उठली. नर्सबाई रडवेल्या तोंडानं माझ्याकडं बघत होत्या.

मी त्या पोरांकडं एकदा बघितलं. मग खिशातला रुमाल काढला, बाक नीट पुसून घेतला आणि चक्कर येऊन पडलो.